शिंगाळा आणि हेल्मेट

त्र्याण्णव साली आमच्या ह्यांनी नवघरच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवली आणि उत्तनच्या कॅजिटन कोळ्याकडून एक छोटा जिवंत शिंगाळा मासा आणून तिच्यात सोडला. त्याच्या काट्यात विष असतं, हे पुस्तकात वाचल्यापासून दर रविवारी टाकी साफ करतानाचा ह्यांचा थाट काय वर्णावा! कोपरापर्यंत रबरी हातमोजे, अंगात रेनकोट, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. काटा लागलाच तर हात बुडवायला मी गरम पाण्याचं पातेलं धरून उभी, आणि सोफ्यावर अख्ख्या मजल्याचे शेजारी श्वास रोखून बसलेले. समुद्राचं पाणी कॅनमधून आणून देणारा कॅजिटन दाराशी चहा पीत गुमान बघायचा.

सहाव्या महिन्यात एका रविवारी शिंगाळ्याने टाकीतून थेट लादीवर उडी मारली. शेजारी सोफ्यावर चढले, त्यांच्यामागे हेसुद्धा चढले. कॅजिटनने कपबशी खाली ठेवली आणि मासा उघड्या हाताने उचलला.

"अरे, काटे! विष!" हे हेल्मेटमधून ओरडले.

"काटे कुठं हायत, साहेब? ते मी पहिल्याच दिवशी होडीवर मोडले. काटे मोडल्याबिगर आम्ही शिंगाळा कुणाच्या हातात देत न्हाय."

"मग सहा महिने बोलला का नाहीस?"



"मला वाटलं, तुमाला पाण्याची भीती हाय."