मोकळी सोडलेली जागा

“बाई, तुमच्या पॉडकास्टमध्ये बिघाड आहे. प्रत्येक प्रश्नानंतर आवाज जातो,” मी ओवीच्या विज्ञानाच्या शिक्षिकांना फोनवर सांगितलं. अडखळत बोलते म्हणून ओवी वर्गात तोंडच उघडत नाही; निदान घरी ऐकून तरी शिकेल, एवढीच आशा. “अहो, बिघाड कसला? तेवढा वेळ मीच गप्प बसते. लेक काय करते ते बघा की.” फोन कानाला लावूनच मी स्वयंपाकघरातून डोकावले. टॅबवर लावलेल्या पॉडकास्टमधला आवाज थांबला होता. “प-प-पानं,” ओवी अडखळली, पण पुन्हा सुरुवात करून तिने झाडाचं अन्न कसं बनतं ते शेवटपर्यंत सांगितलं. तिला शब्द पुरवायला उघडलेलं तोंड मी मिटलं. “शाब्बास,” टॅबमधून बाई म्हणाल्या. “पुढचा प्रश्न.” शिट्टी होण्याआधी मी कुकरखालचा गॅस बंद केला. “आभार मानायचेत, पण ओवीचं उत्तर होईपर्यंत जरा थांबता?” मी फोनमध्ये कुजबुजले. “थांबते की. सवय आहे.”