आडोसा

रस्त्यावर ट्रक उडाला तेव्हा डिम्फ्ना मागच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. खिडकीची काच फुटून थेट पातेल्यात आली. पाठोपाठ टेकडीवरून गोळ्या सुरू झाल्या.

सकाळीच तिचा भाचा मॅलकी येऊन गेला होता. "आत्या, आज रस्त्याकडे फिरकू नकोस. मागेच बस. काहीही झालं तरी बाहेर येऊ नकोस."

तिने 'का' म्हणून विचारलं नाही. ड्रमकारमध्ये असं कुणी विचारत नसे. मॅलकी 'आपल्या पोरां'पैकी, म्हणजे ब्रिटिशांशी लढणाऱ्या आयरिश बंडखोरांपैकी होता, हे गावातला प्रत्येक कॅथलिक जाणून होता. त्या रस्त्याने ब्रिटिश सैन्याच्या गाड्या जातात, हेही. मनात आणलं असतं तर सायकल काढून तिला त्यांना वाटेतच अडवता आलं असतं. ती बटाटे सोलत बसली होती.

बाहेर कुणीतरी आईला हाका मारत होतं. एक हाक, मग बराच वेळ नुसता गोळ्यांचा आवाज, मग पुन्हा हाक.

डिम्फ्नाने सुरी खाली ठेवली, छातीवर क्रूस काढला आणि पांढरा एप्रन डोक्यावर उंच धरून ती बाहेर पडली.

टेकडीवरचा गोळीबार थांबला. देवाने ऐकलं, असं तिला वाटलं.

ट्रक आडवा होऊन जळत होता. वाचलेले सैनिक चरात पालथे पडले होते. त्यांच्या सार्जंटने तिच्यावर बंदूक रोखली. "मागे हो, म्हातारे! गोळी घालीन!"

"घाल. पण आधी त्या पोराला रस्त्यावरून उचल." तिने कडेच्या गोठ्याकडे बोट केलं. भाऊ गेल्यावर गुरं विकली, तेव्हापासून तो रिकामाच होता. "तिथे चला. भिंती जाड आहेत. टेकडीवरून दिसणार नाही."

"आणि आत तुझे लोक टपून बसलेत, असंच ना?"

"मी पुढे होते. मग तर झालं?"

ती पुढे झाली. तिच्यामागून ते आले. आधी एक, मग जखमींना ओढत बाकीचे सगळे. आईला हाका मारणाऱ्या पोराला तिने स्वतः काखेत धरून आणलं. कोपऱ्यात मॅलकीने कालच गवताच्या पेंढ्या रचून ठेवल्या होत्या. त्यांवर तिने त्याचं डोकं टेकवलं. चेहरा भाजला होता, पण ओठ शाबूत होते.

"नाव काय तुझं, बाळा?"

"कीथ. जाऊ नका ना."

"पाणी घेऊन आलेच."

सार्जंटने दारातून बाजूला होऊन तिला वाट दिली. "उपकार झाले, बाई," तो हळूच म्हणाला.

अंगण ओलांडून तिने घराच्या कडीला हात घातला, आणि मागे गोठा जागच्या जागी वर उचलला गेला. धक्क्याने ती दारासकट आत फेकली गेली. उठून पाहिलं तर जाड भिंती आतल्या माणसांवर बसल्या होत्या. आता कुणी आईला हाक मारत नव्हतं.

चौकशीला आलेल्यांना तिने काही सांगितलं नाही. त्या रविवारी चर्चमध्ये बायकांनी सरकून तिला पुढच्या बाकावर जागा करून दिली. ती मागेच उभी राहिली.

दुपारी मॅलकी आला. त्याने शेगडीत कोळसा घातला, स्वतःच चहा केला आणि कप तिच्या हातात दिला.

"मी आत होते, मॅलकी," ती म्हणाली. "त्या गोठ्यात मी होते."

"ठाऊक आहे. तू बाहेर पडून दाराशी पोचेपर्यंत बटणावर बोट ठेवून बसलो होतो. तुला मी काही होऊ देईन का, आत्या?"

"आणि मी घरातून आलेच नसते तर? तूच बजावलं होतंस, बाहेर येऊ नकोस म्हणून."

मॅलकीने तिच्या कपात साखर घातली आणि मायेने ढवळली.

"पोरांना तीच धास्ती होती. म्हणत होती, सैनिक आपल्या पायांनी काही त्या गोठ्यात शिरायचे नाहीत. मी म्हटलं, तुम्ही फक्त ट्रक उडवा. आमची आत्या कुणाला रस्त्यावर मरू द्यायची नाही."