पेन्सिलीची फुली

सुनेची लक्षणं काही धड नव्हती. एरवी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारी ही बाई आताशा सगळ्यांच्या आधी उठून मागच्या बागेत जायची आणि सासूची चाहूल लागली की मूठ मिटून घ्यायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही आई, जरा वारा खात होते."

"वारा पुढच्या दाराला येत नाही वाटतं," सासू म्हणायची.

कारण सासूला पक्कं ठाऊक होतं. मागच्या कुंपणालगत तिच्यासाठी खोली बांधायची ठरली होती. मुलाने नकाशा आणून समोर धरला. "तुझी स्वतंत्र खोली, आई. कुणाची कटकट नाही." जेमतेम दुसरी शिकलेल्या सासूला त्या रेघांतलं ओ की ठो कळलं नाही. पण सुनेदेखत तसं म्हणणं शक्यच नव्हतं. तिने नकाशा हातभर लांब धरला, जाणत्यासारखी मान डोलावली आणि ऐटीत सही ठोकली. सुनेचं हे पहाटफिरणं त्यानंतरच सुरू झालं. म्हातारीला चार भिंती मिळतात हे हिला बघवत नाही, दुसरं काय!

खोलीसाठी तिथलं काटेरी झुडूप तोडायचं होतं, आणि झुडपात घरटं होतं. सासूने एकतीस वर्षं कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात काढलेली. तिचा कायदा होता, घरट्यात जीव असेतो कोयता लावायचा नाही आणि आत डोकवायचंही नाही. मुलगासुद्धा तो मोडत नसे. गवंडी पहिल्यांदा आला तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी दोन निळसर टरफलं सापडली. पिल्लं नुकतीच बाहेर आली होती. सासूने त्याला परत पाठवलं. तीन आठवड्यांनी तो आला, तर पुन्हा दोन टरफलं, या वेळी थेट घरट्याखाली.

"आजी, हे पाखरू आहे की अंड्यांचा कारखाना?" गवंडी म्हणाला.

सासू हसली नाही. गवंड्याला तिने परत पाठवलं खरं, पण टरफल उचलून बोटांत फिरवलं. आतला पापुद्रा वाळून कागद झाला होता. ताजं टरफल असं नसतं. केंद्रात असताना संशय आलेल्या अंड्यावर ती पेन्सिलीने बारीकशी फुली मारायची. तशीच फुली तिने दोन्ही टरफलांवर मारली आणि सुनेसमोर ती पालापाचोळ्याच्या खड्ड्यात भिरकावली.

गवंडी पुन्हा यायचा होता त्या सकाळी ती सगळ्यात आधी झुडपाखाली वाकली. टरफलं होती. दोन्हींवर फुली होती.

मागे सून उभी होती. तिच्या बोटांना खड्ड्यातला चिखल होता.

"सापडलीस," सासू म्हणाली. "इतका जळफळाट होतो माझ्या खोलीचा?"

सुनेने आत जाऊन नकाशा आणला आणि पायरीवर पसरला. "हे आपलं घर, आई. ही तुमची खोली. हा तुमचा वेगळा ओटा, हा वेगळा नळ. आणि रेघ जिथे तुटते तिथे दार. आता घरातून तुमच्याकडे यायचं दार मला दाखवा."

सासूचं बोट मधल्या रेघेवरून गेलं, परत आलं. रेघ कुठेच तुटत नव्हती.

"तुमचं दार मागच्या गल्लीत उघडतं. आपल्या रोजच्या भांडणाला हे कंटाळलेत. मी नको म्हटलं, तर म्हणतात, आईने बघून सही केली आहे."

"मग तुला काय त्याचं? सुटली असतीस की."

"सुटून दिवसभर भांडू कुणाशी? भिंतीशी?"

सासूने नकाशाची घडी घातली. मुलाला सांगायचं, तर नकाशा कळला नव्हता हे कबूल करायला हवं. वर स्वतःच्या घरात राहू दे म्हणून पोटच्या पोरापुढे तोंड वेंगाडायला हवं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. गवंडी आला होता. आत मुलगा चपला शोधत होता.

सासूने टरफलं उचलली, अंगठा ओला करून फुल्या पुसल्या. तरातरा चालत टाकीपाशी गेली, ती तिथे टाकली आणि वळून सुनेला म्हणाली,

"अगदीच कच्ची आहेस तू. पिल्लू बाहेर आलं की पाखरू टरफल लांब नेऊन टाकतं, घरट्याखाली ठेवत नाही. गवंडी फसेल गं, पण माझ्या पोराला टरफलं वाचायला मीच शिकवलंय."