चांदणमहालाची भिंत

सुनेच्या मोत्यांच्या जोडीतलं एक कानातलं हरवलं होतं, आणि तिचा संशय काही केल्या सासूबाईंवरून हलत नव्हता. आपल्यामागे घरात काय शिजतं ते कळावं, म्हणून ती ऑफिसातून आली की चपला हातात घेऊन मांजरीच्या पावलांनी आत यायची आणि सासूबाईंच्या खोलीबाहेर श्वास रोखून उभी राहायची. पण नेमकी तेव्हाच आतली आजी-नातीची कुजबुज बंद व्हायची. म्हणजे कुठंतरी पाणी नक्की मुरत होतं!

आज मात्र तिनं सरळ दारच ढकललं.

जमिनीवर लेकीचा लाडका, कार्टूनमधला चांदणमहाल मांडलेला होता. तेच चंदेरी बुरूज, तोच उघड-मीट होणारा दरवाजा, आत गळ्यात गळे घालून बसलेल्या दोन पऱ्या. फक्त बाहेरच्या भिंतीवर गुलाबी क्लेचा एक भलामोठा कान चिकटवलेला होता.

"हे काय गं नवीनच?"

"आजी रोज म्हणते ना, हळू बोल बाळा, आपल्या घरात भिंतीला कान आहेत."

सासूबाई एकाएकी घडी घातलेल्याच चादरीची पुन्हा घडी घालू लागल्या.

"अगं, पण महालाला कशाला कान? आणि तोही एकच?"

"दुसरं मिळालंच नाही," असं म्हणत लेकीनं महाल तिच्याकडे वळवला.


भिंतीच्या कानात तिचं हरवलेलं कानातलं होतं.