एका तोंडाच्या दोन कवळ्या

"तुम्ही दोघांनी एकाच तोंडाची कवळी करायची," मालकीणबाई म्हणाल्या. "त्या बाई जी ठेवून घेतील, ती करणारा टीमचा प्रमुख. रोजची कटकट आता पुरे."

कटकट म्हणजे मास्तर आणि नवी. मास्तर सव्वीस वर्षं या लॅबमध्ये मेणात एकेक दात हाताने बसवत आले होते. बाकी सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, म्हणून ते मास्तर. नवी आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याच हाताखाली लागली आणि तिसऱ्या महिन्यात तिने मालकीणबाईंना मशीन घ्यायला लावलं. पडद्यावर दात मांडायचे, मशीन कोरून देणार. तेव्हापासून अर्धी टीम तिच्या टेबलाभोवती आणि अर्धी मास्तरांच्या. मालकीणबाईंना जुनी गिऱ्हाइकं टिकवणारा हातही हवा होता आणि नवी गिऱ्हाइकं आणणारं मशीनही. पण प्रमुखाची खुर्ची एकच होती, आणि मास्तर नऊ वर्षं तिच्याकडे डोळे लावून बसले होते.

तोंड होतं एका निवृत्त वृत्तनिवेदिकेचं. बोलताना शिट्टी वाजते म्हणून बाईंनी आतापर्यंत चार कवळ्या परत धाडल्या होत्या. रस्त्यापलीकडचे डॉक्टर त्यांना या दोन्ही कवळ्या आठवडा-आठवडा वापरायला देणार होते.

"हल्ली जेवताना तुमच्या तोंडी तिच्याशिवाय दुसरा विषयच नसतो," मास्तरांची बायको म्हणाली. "आज काय केलं तिने?"

"काही नाही. मालकीणबाई तिला बाळा म्हणतात."

"मग तुम्हालाही म्हणायला हवंय का?"

मास्तरांनी ताट बाजूला सारलं. आपल्याला मत्सर वाटतो हे त्यांना कळत होतं, त्याची लाजही वाटत होती. पण लाजेने तो कमी होईना. "मास्तर, हे कसं वाटतंय?" असं नवी दिवसातून चारदा विचारायची, तेव्हा तर त्यांच्या अंगाची लाहीलाही व्हायची. विचारते कसली, खिजवतेय मला, असं त्यांना वाटे.

सोमवारी संध्याकाळी दोन्ही कवळ्या तयार झाल्या. मास्तर हात धुवायला निघाले आणि नवीच्या टेबलापाशी थबकले. तिने एक सुळा किंचित वळवला होता, खऱ्या माणसाचा असतो तसा. हिरडीचा रंग मुद्दामच एकसारखा ठेवला नव्हता. हरलो, मास्तर मनात म्हणाले.

"कसं वाटतंय, मास्तर?"

"बरंय."

लॅबची पद्धत ठरलेली होती. कवळी कोरडी पडली तर वाकते, म्हणून ती ओल्या फडक्यात गुंडाळायची, वर चिकटपट्टी लावायची आणि डबीत ठेवायची. ती गुंडाळी फक्त डॉक्टरांनी सोडायची. डब्या सगळ्या सारख्याच. कोणाचं काम ते झाकणाच्या रंगावरून कळायचं. मास्तरांचं झाकण पांढरं, नवीचं निळं. कोणता रंग कोणाचा, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. दोघांनी आपापल्या डब्या कपाटात ठेवल्या आणि घरी गेले.

मंगळवारी तीन वाजता डॉक्टरांचा माणूस डब्या न्यायला येणार होता. दीडला सगळे जेवायला गेले. भूक नाही म्हणून मास्तर मागे राहिले. त्यांनी कपाट उघडलं, दोन्ही झाकणं काढली, हिचं तिला आणि तिचं हिला लावलं. सव्वीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या डबीला कधी हात लावला नव्हता. आज अर्धं मिनिटही लागलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मास्तरांना घास गोड लागला नाही. नवी मात्र गाणी गुणगुणत काम करत होती.

मग फोन आला. मालकीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"पांढरं झाकण," डॉक्टर म्हणाले. "बाई काढायलाच तयार नाहीत. अख्ख्या बातम्या वाचून दाखवल्या मला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात टाळ्या नवीच्या.

"शेवटी हात तो हात," मालकीणबाई म्हणाल्या. "मशीन राहील, पण मास्तरांच्या देखरेखीखाली. झालं समाधान?"

मास्तर हसले. समाधान कुठलं! त्यांचा जळफळाट दुप्पट झाला होता. ती आपल्यापेक्षा सरस आहे, ही आधी नुसती भीती होती. आता बाईंनीच कौल दिला होता, आणि तो फक्त त्यांना एकट्यालाच माहीत होता.

पाच वाजता नवी त्यांच्या नव्या केबिनमध्ये आली.

"अभिनंदन, मास्तर. पण खूश दिसत नाही तुम्ही."

"तुझंही काम चांगलं होतं," मास्तर म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

तिने दार लोटून घेतलं. "एक सांगू? रागवायचं नाही हं. खुर्ची मला मिळाली असती तर तुम्ही नोकरी सोडून गेला असता. मशीन मला येतं हो, पण दात तुमच्याकडूनच शिकायचेत. म्हणून मीच झाकणं बदलली होती. त्या बाईंच्या तोंडात आहेत ते दात माझे. पण काळजी करू नका, मी कोणाला कळू देणार नाही."

मास्तर ताडकन उभे राहिले. "कधी बदललीस?"

"मंगळवारी सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

मास्तर सावकाश पुन्हा खुर्चीत बसले. जिंकलेले दात त्यांचेच होते, आणि हे आता जन्मात कोणाला सांगता येणार नव्हतं.