हळू बोला, आत्ताच झोपलंय

"आई, राग मानू नका, पण बाळाला सांभाळायला मी एक बाई बघितली आहे," सून म्हणाली.

आजी छपाईआधीचा कच्चा छाप तपासत होती. तिची पेन्सिल जागीच थांबली. सून शाळेत शिकवायची, सुट्टी संपायला आठ दिवस होते. नात चार महिन्यांची. तिला आपणच सांभाळायचं, असं आजी धरून चालली होती. दुपटीसुद्धा शिवून तयार होती.

"बाई कशाला? मी काय मेले का?"

"तसं नाही हो. पण... तो भोपळा."

भोपळा म्हणजे सदतिसावा विनोद. पुढच्या खोलीत आजोबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, सभेच्या सूचना, सगळं तिथे छापलं जायचं. पण नाव झालं ते आजोबांनीच लिहिलेल्या, पिवळ्या कव्हरच्या विनोदाच्या चोपडीने. लोक ती रस्त्याने वाचत, एकटेच हसत जायचे. प्रत्येक विनोदाची सुरुवात 'बायको' या शब्दाने. बायकोने कपाळावरचा चष्मा तीन दिवस शोधला. बायकोने चहात मीठ घातलं आणि साखरवाल्याला शिव्या दिल्या. आणि सदतिसावा: बायको बाळाला घेऊन बाजारात गेली, बाळ भाजीवाल्याच्या टोपलीत ठेवलं, भोपळा खांद्याशी धरून परत निघाली आणि वाटेत भेटलेल्या शेजाऱ्याला म्हणाली, "हळू बोला, आत्ताच झोपलंय."

ती बायको कोण, हे गावाने कधीच ठरवून टाकलं होतं. आजी बाजारात दिसली की भाजीवाले भोपळा पुढे करायचे. "घ्या मावशी, नाक तुमच्यावरच गेलंय." तीही हसायची. मुलगा तर कौतुकाने सांगायचा, "टोपलीतलं बाळ ते मीच."

"तीस वर्षं झाली गं त्याला," आजी म्हणाली.

"म्हणजे खरंच घडलं होतं?"

आजीने पेन्सिलीचं टोक उगाच न्याहाळलं. "घडलं होतं."

पुढच्या खोलीत छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याची टकटक थांबली.

थोड्या वेळाने आजी तिथे गेली. आजोबा खिळ्यांच्या खणांपुढे उभे होते. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. दोरी आजीनेच बांधलेली. लग्नाची तारीख एका अंकाने चुकली तर लोक दुसरा छापखाना गाठतात, हे ते पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. म्हणून इथला प्रत्येक कागद आधी आजीच्या नजरेखालून जायचा.

"अहो, चोपडीच्या अकराव्या आवृत्तीत तीन चुका राहिल्यात. सगळं छापून झालंय. शुद्धिपत्र चिकटवावं लागेल."

"चिकटवू की." मग हातातला खिळा खणात टाकून, "बाई ठेवतेय म्हणे?"

"तिचं काय चुकलं? पोटच्या पोरीची काळजी कोणाला नसते?"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? घडलं होतं, म्हटलं."

आजोबांनी दोरी चाचपून चष्मा नाकावर चढवला आणि खिळे उचलायला लागले.

शुद्धिपत्राचा कच्चा छाप मात्र आजीकडे आला नाही. तिने दोनदा मागितला. "तीन ओळी तर आहेत, त्यात काय चुकायचंय?" आजोबा म्हणाले. चाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आजीला ते लागलं. सुनेचा विश्वास नाही हे समजण्यासारखं होतं. आता यांचाही उडाला.

चौथ्या दिवशी, दर आवृत्तीला बसायची तशी, सून शुद्धिपत्रं चिकटवायला बसली. आजी स्वयंपाकघरात दुपट्यांच्या घड्या घालून पेटीत ठेवत होती. दुसऱ्या कोणाच्या तरी बाळाला होतील.

सून दारात आली. बोटं खळीने बरबटलेली, कडेवर बाळ. तिने बाळाला आजीच्या मांडीवर ठेवलं.

"त्या बाईला नको म्हणून सांगते, आई."

"का गं? अचानक काय झालं?"

सुनेने हातातला चतकोर कागद पुढे केला. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसू दाबत होते. आजीने सवयीने चुका शोधत वाचायला घेतलं. तीनही दुरुस्त्या बिनचूक होत्या. त्यांच्याखाली चौथी ओळ होती, लग्नपत्रिकेत नवरानवरीच्या नावांसाठी राखून ठेवलेल्या मोठ्या टाइपात:

'संपूर्ण पुस्तकात जिथे जिथे "बायको" असे छापले आहे, तिथे "मी" असे वाचावे. – छापणारा.'