तुटका दात

सॅन डिएगोच्या टिकी मेळाव्यात टिकी, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या देवांच्या लाकडी मूर्ती, कोरणाऱ्यांना एकच नियम होता: नक्कल सापडली की स्पर्धेतून बाद. परीक्षक मार्लिस मॅडम वेंडेलच्या मूर्तीसमोरून हलेनात, तसा त्याला घाम फुटला. तीस वर्षांपूर्वी पाडलेल्या एका हॉटेलच्या दारातली टिकी मूर्ती त्याने जुन्या फोटोवरून हुबेहूब उतरवली होती.

"हा दात तुटका कसा?" मॅडमनी विचारलं.

"छिन्नी घसरली, मॅडम. नक्कलच करायची असती तर चूक कशाला ठेवली असती?"

मॅडम हसल्या. वेंडेलच्या जिवात जीव आला.



"ही मूर्ती ज्या हॉटेलच्या दारात होती, ते माझ्या वडिलांचं," त्या म्हणाल्या. "हा दात मी तिसरीत असताना सायकल धडकवून पाडला होता."